टाकलेल्या बाईचा दाखला कुणी द्यायचा?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवरा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तो गेलाच. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत.

आई किंवा बापाचा आधार तुटलेल्या मुलांसाठीच्या सरकारी बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये दोघांनाही मंजूर आहेत. मुलीच्या पासबुकात शेवटची जमा सात महिन्यांपूर्वीची. परवा पुन्हा पासबुक भरायला गेलो, तर मशीनने एसएमएस चार्ज कापल्याची तेवढी एक ओळ छापली. मुलगी काही बोलली नाही. घरी येऊन तिने सहलीचा कागद दप्तरातून काढला आणि रद्दीत ठेवला.

योजना बंद झाली असं कुणीच म्हणत नाही. 'निधी आला नाही' एवढंच उत्तर मिळतं. किराणा दुकानदार सात महिने थांबत नाही, साहेब.

संजय गांधी निराधार योजना तुमच्या खात्यात येत नाही, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात तुम्ही बसता. तिथे वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिवसाचे ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. रोज एक ब्लाउज शिवला की मी निराधार राहत नाही! लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख, आणि महिन्याचे पैसे दोन्हीकडे १,५००च. मग एकटीवरच एवढी कडक अट का? या अटीपायी बायकांना खोटे दाखले काढावे लागतात. खोटं बोलायची हौस कुणालाच नसते.

मे २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून जास्त रुपये वळवले गेले. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली होती. बहिणींचे पैसे थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही, माझ्या शेजारणीचं औषधपाणी त्यावर चालतं. पण ते दुसऱ्या गरिबाच्या वाट्यातून का काढायचे?

त्याच वर्षी लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आली. पतीचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. वडील वारले. नवऱ्याचा आधार नंबर मला आजही पाठ आहे, पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोट झालेलीकडे कोर्टाचा कागद. टाकलेल्या बाईकडे कोणता कागद असतो, हे आदेश काढताना कुणाच्या मनातच आलं नसेल का?

थकलेले हप्ते एकरकमी द्या. २१,००० ची अट मंत्रिमंडळात बदलून घ्या. आणि परित्यक्तेसाठी शेजाऱ्यांच्या जबाबावर दाखला मिळेल असं करा. माझा नवरा कोणत्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या गाडीत बसून गेला, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल.

आपली,
दोन मुलांची आई