उह्रोवेत्सच्या घराची गोष्ट मराठीतही सांगा

मा. संस्कृती मंत्री,
स्लोवाक प्रजासत्ताक, ब्रातिस्लावा

सप्रेम नमस्कार.

टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना नित्र्यात आहे. त्या कामासाठी मी पुण्याहून इथे आलो. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण मागणीच मराठीची आहे. स्लोवाक भाषांतर आपल्या कार्यालयाकडे वेगळं पाठवतो.

माझी आई निवृत्त मराठी शिक्षिका. ती दोन महिने आमच्याकडे राहिली. ब्रातिस्लावाचा किल्ला झाला, डॅन्यूब झाली. "छान आहे" म्हणाली आणि गप्प बसली. मग सुट्टीच्या दिवशी तिला उह्रोवेत्सला नेलं. रादिशा नदीच्या खोऱ्यातलं, डोंगरांच्या कुशीतलं लहानसं गाव. तिथे पूर्वी ल्यूथरपंथीयांची शाळा आणि तिथेच मास्तरांचं बिऱ्हाड होतं. २८ ऑक्टोबर १८१५ रोजी या घरात सामुएल श्टूर मास्तरांना मुलगा झाला, ल्युदोवीत, पुढे स्लोवाक लिखाणाची भाषा घडवणारा. याच घरात २७ नोव्हेंबर १९२१ रोजी अलेक्झांडर दुबचेक जन्मले, १९६८ मधले चेकोस्लोव्हाकियाचे नेते.

आई उंबऱ्याशीच थांबली. "दोघंही इथेच?"

मग मी सांगत गेलो. तेव्हा स्लोवाक माणूस घरात एक भाषा बोलायचा आणि कागदावर दुसरीच लिहायचा. प्रोटेस्टंट मंडळी बायबलच्या चेक भाषेत लिहीत, तर कॅथलिकांकडे बेर्नोलाक या धर्मगुरूने १७८७ मध्ये पश्चिमेच्या बोलीवरून बसवलेली भाषा होती. शिवाय राज्य हंगेरीचं, आणि हंगेरियनचा जोर वाढत चाललेला. जुलै १८४३ मध्ये ल्युदोवीत श्टूर आणि त्यांचे सहकारी हुर्बान व होजा हे तिघे ह्लबोके गावी जमले आणि मध्य स्लोवाकियाची बोली लिखाणासाठी घ्यायची असं ठरलं. १८४५ मध्ये श्टूर यांनी त्या भाषेत वर्तमानपत्र काढलं, पुढच्या वर्षी तिचं व्याकरण छापलं. हंगेरीच्या विधिमंडळात ते जमीनदारांच्या जमिनीला बांधलेल्या भूदासांच्या मुक्तीसाठीही बोलले.

आई मन लावून ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि बाकीच्या बोलींचं काय झालं रे?" मला उत्तर देता आलं नाही. माझं स्लोवाक दुकानापुरतं आणि कारखान्यापुरतं. इतक्या नाजूक प्रश्नाला ते पुरत नाही.

दुबचेक मात्र तिला ठाऊक होते. रशियाचे रणगाडे प्रागमध्ये शिरल्याची १९६८ ची बातमी तिने शाळकरी वयात वाचली होती. ते स्लोवाक, आणि अशा खेड्यात जन्मलेले, हे तिला नवं होतं. याच डोंगरांत ते १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावात लढले, जखमी झाले, आणि त्यांचा भाऊ युलिउस त्या लढाईत गेला. जानेवारी १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव झाले, वृत्तपत्रांवरचे निर्बंध उठवले. ऑगस्टमध्ये ते रणगाडे आले तेव्हा त्यांना पकडून मॉस्कोला नेलं. पुढे पक्षातून काढलं, आणि देश चालवलेल्या या माणसाने वनखात्याच्या कचेरीत वर्षानुवर्षं नोकरी केली. डिसेंबर १९८९ मध्ये ते संघीय संसदेचे अध्यक्ष झाले. हे ऐकताना आईचे डोळे भरून आले.

मंत्रिमहोदय, या देशात आता आमच्यासारखी परक्या मुलखातून पोटासाठी आलेली माणसं राहतात. आमची मुलं श्टूर यांनी घडवलेली भाषा शाळेत शिकतात, पण घरातली मोठी माणसं त्या भाषेच्या दाराबाहेर उभी असतात. माझी विनंती एवढीच आहे: उह्रोवेत्सच्या घराची माहिती इथे कामाला आलेल्या लोकांच्या भाषांतही मिळावी. सोपं पत्रक चालेल, मोबाइलवर ऐकता येणारं निवेदन तर फारच उत्तम. मात्र मूळ मजकूर जाणकाराने लिहावा, आणि त्यात बोलींच्या प्रश्नाचं उत्तर असावं.

मराठी भाषांतर मी विनामोबदला करून देईन. शुद्धलेखन आई तपासेल, तिने आधीच कबूल केलं आहे. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा येणार आहे. तोवर एक पान जरी तयार झालं, तर मी तिला परत त्या घरी नेईन. या वेळी तीच मला वाचून दाखवेल.

आपला नम्र,
नित्र्यात राहणारा एक मराठी अभियंता