लाटण्याचं काय करायचं?

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय बाळ्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. गुडघे सोडले तर तब्येत ठीक.

सोसायटीच्या गणपतीत पोरांना आपलं नवरा-बायकोचं प्रहसन करायचंय. वही सापडली. सूनबाईला वाचून दाखवलं. लाटण्यापर्यंत हसली. मग नवरा कानाखाली वाजवतो, बायको म्हणते, "अगंबाई, आले वाटतं शुद्धीवर!" इथं भांडी पडल्यासारख्या टाळ्या पडायच्या. (वाक्य माझं होतं. उगाच वाद घालू नकोस.) ती म्हणाली, "बाबा, यात हसायचं काय?"

वर मोबाइलवर एका अमेरिकन कॉफीची 1952 ची जाहिरात दाखवली. नवऱ्याने बायकोला पालथं मांडीवर घेतलंय, हात उगारलाय. गुन्हा? दुकानात ताजेपणा न तपासता कॉफी आणली! त्याच सुमारास तिकडे टीव्हीवर 'आय लव्ह लूसी'मध्ये नवरा लूसीलाही असंच चोपायचा. टीव्हीवरचा तो नवरा खऱ्या आयुष्यातही तिचाच नवरा. आणि लूसी झालेल्या ल्यूसिल बॉलने 1962 मध्ये, घटस्फोटानंतर, दोघांच्या स्टुडिओतला त्याच नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन अख्खा स्टुडिओ चालवला. घ्या!

मी म्हटलं, आपल्याकडे उलट होतं. दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांत मार नवराच खायचा. दाराआड लाटणं घेऊन धिप्पाड बायको, आणि हातात बूट घेऊन चोरपावलांनी येणारा काडीपैलवान. तर म्हणते, "आणि त्या बाईला भाजीचे पैसे कोण मोजून द्यायचं?"

तिथं अडकलोय बघ. तुझी आई पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून हसायची. दुसऱ्या दिवशी नाना ओसरीवर बसून तिच्याकडून चार आण्यांचा हिशेब घ्यायचे, आणि आपण तिथंच पत्ते कुटत बसायचो. चित्रात सगळं राज्य तिचं, घरात कोथिंबिरीचाही जाब द्यायचा. मग ती हसायची कशाला? निदान कागदावर तरी कोणीतरी नानांना झोडतंय म्हणून? हे तुझ्याशिवाय विचारू कोणाला?

चापट काढतोय, त्याबद्दल दुमत नको. लाटणं ठेवावं असं मन म्हणतं, सूनबाई नाही म्हणते.

नातीचं बारसं झालं? नाव कळव. वहिनींचा मोतीबिंदू उरकला का?

चापटीच्या जागी बायकोला बोलायला चार वाक्यं हवीत. नऊवारी तू नेसायचास (भयाण दिसायचास), तेव्हा तूच लिही. पोरं रविवारी तालमीला बसतायत, त्याआधी पाठव.

तुझा,
श्री