एका दिवसाचं बाळ आणि आमचे पाळकसाहेब

पाळकसाहेब,
स. न. वि. वि.

तुमची बदली झाल्याचं काल भाजीवालीकडून कळलं. बिशपसाहेबांनी परिषदेत नेमणुका वाचून दाखवल्या आणि तुमच्या नावापुढे दुसरंच गाव आलं म्हणे. मेथडिस्ट पाळकाला हे चुकत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. तोंडावर आभार मानायला आले तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून हे पत्र. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून असं उघड.

२०२४ ची गोकुळाष्टमी २६ ऑगस्टला होती. रात्री बाराला सासूबाईंनी पाळणा हलवला, सुंठवडा वाटला आणि दुसऱ्या दिवशी विश्वामित्री नदी आमच्या ओट्यावर. काळ्या घोड्याच्या पुलाशी २६ फुटांवर धोक्याची खूण आहे. त्या पुरात नदी ३५ फुटांच्याही वर गेली. बाहेरगावच्यांना हसू येतं, पण बडोदेकराला पाण्याइतकीच नदीतल्या मगरीची धास्ती असते. हे पुण्याला, माझा गुडघा नुकताच ऑपरेशन झालेला आणि चौऱ्याऐंशीच्या सासूबाई.

फोन कुणाकुणाला केले ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली, दार वाजवायला एकही हात आला नाही. तिसऱ्या मजल्यावर कोरडे बसलेले आमचे जवळचे नातेवाईक म्हणाले, "पाणी ओसरलं की या." ओसरल्यावर कशाला येऊ, लादी पुसायला? मतं मागायला दर वेळी येणारे चौथ्या दिवशी आले, सुखडीची पाकिटं घेऊन. पाकिटावर त्यांचा फोटो.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्याबरोबर चर्चमधली दोन पोरं होती आणि ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर प्लास्टिकची खुर्ची बांधलेली. आमची तुमची ओळख काय, तर रस्त्यात दिसलात की मान हलवण्यापुरती. पोरांनी औषधं घेतली, कागदपत्रं घेतली. सासूबाई मात्र देवघरापासून हलेनात. "कालच जन्मलाय. एका दिवसाचं बाळ टाकून मी कुठे जाऊ?"

मी वैतागले होते, खरं सांगते. ओरडणारच होते. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून विचारलंत, "आजी, मी हात लावला तर चालेल ना? नाहीतर तुम्ही त्याला धरा, मी तुम्हाला धरतो."

ज्या बाईनं मला, सख्ख्या सुनेला, आंघोळ झाल्याशिवाय देवघराशी कधी फिरकू दिलं नाही, ती तुमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "घ्या. मान सांभाळा त्याची."

मुठीएवढी पितळेची मूर्ती. तिची मान ती काय सांभाळायची! पण तुम्ही डावा तळहात त्या बाळकृष्णाच्या मानेखाली घातलात, उजवा अंगाखाली, आणि तसेच, तान्हं पोर न्यावं तसे, दारापर्यंत चालत आलात. हसला नाहीत. आमचं मन राखायला मुद्दाम काही बोललाही नाहीत. सासूबाई खुर्चीवर बसल्यावर तो त्यांच्या ओटीत दिलात आणि मग ट्यूब ढकलायला लागलात. तेवढं पाणी, तेवढी घाई, आणि त्यात तो तळहात. मला अजून तोच आठवतो.

जीव वाचवणारे त्या आठवड्यात बडोद्यात पुष्कळ होते, लष्करसुद्धा आलं होतं. पण वाचवताना म्हातारीला विचारायचं, हे फार थोड्यांना सुचतं. आपली माणसंसुद्धा म्हाताऱ्यांना गाठोड्यासारखी उचलतात. मीही उचललं असतं.

रात्री चर्चच्या वरच्या खोलीत, मेणबत्तीच्या उजेडात, सासूबाईंनी तुमची उलटतपासणी घेतली होती. मेथडिस्ट म्हणजे काय हो? तुमची ती गुजराती वळणाची मराठी! तुम्ही सांगितलंत, १७२९ च्या सुमाराला ऑक्सफर्डमध्ये वेस्ली बंधू आणि त्यांचे थोडे मित्र ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी वाचन, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जाणं, असं सगळं शिस्तीनं करायचे. बाकीच्यांनी टिंगल म्हणून 'मेथडिस्ट' नाव ठेवलं, तेच चिकटलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नेमाचे. आमच्यासारखेच की!" मग तुमचे मेथडिस्ट मिशनरी बटलरसाहेब १८५६ मध्ये बरेलीला आले आणि सहा महिन्यांच्या आत, सत्तावनच्या बंडात, त्यांना नैनितालला पळावं लागलं, हे ऐकून त्यांना भलताच कळवळा आला. "बिचारा. सामान तरी लागलं असेल का नीट!"

तुमचा नेम आम्ही नंतर पाहिला. जुनी स्कूटर, सयाजी हॉस्पिटलच्या वॉर्डातली फेरी, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म. रविवारची उपासना संपली की अंगावरचा झगा उतरवून खुर्च्या रचायला तुम्हीच. पाणी ओसरल्यावर आमच्या स्वयंपाकघरातला चिखल काढायला आलात तेव्हाही चपला बाहेर काढल्यात. चिखलात येताना! सासूबाईंनी ते बरोबर टिपलं.

आता कामाचं. ताईंनी त्या रात्री ज्या डब्यातून खिचडी दिली होती, तो डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या घरचा नेम, आणि त्यात काय भरायचं यावर सासूबाईंचं आणि माझं एकमत होत नाही. त्या चकली म्हणतात, मी बेसनाचे लाडू. निघायच्या दोन दिवस आधी निरोप द्या, म्हणजे जे होईल ते ताजं होईल.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली सूनबाई