गावाची जमीन आणि ती सांभाळणारा माणूस

इकालुइट, नुनावुत
१८ मे २०२५

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारलंस, तिकडे बर्फात जमिनीचं एवढं काय काम असतं, आणि इतक्या लांबच्या गावांना पैसा येतो कुठून? दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी पसारा लक्षात घे. नुनावुत म्हणजे कॅनडाचा अगदी उत्तरेचा प्रदेश. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सात पट. २०२१ च्या जनगणनेत माणसं भरली ३६,८५८, आणि त्यातली बहुतेक इनुइट, म्हणजे इथले मूळ रहिवासी. गावं २५. गावागावांना जोडणारे रस्ते नाहीत, विमानानेच जायचं. सगळ्यात उत्तरेच्या ग्रीस फियर्डमध्ये १४४ माणसं राहतात. पण तिथेही निवडून आलेली कौन्सिल आहे, मेयर आहे, घरोघरी पाणी देणारा टँकर आहे आणि मैला उपसून नेणारा टँकर आहे.

आता १४४ माणसांकडून घरपट्टी किती जमणार? स्वतःची घरपट्टी वसूल करणारी नगरपालिका एकट्या इकालुइटची, म्हणजे इथल्या राजधानीची. बाकीची २४ गावं प्रादेशिक सरकारच्या अनुदानावर चालतात, आणि त्या सरकारच्या तिजोरीतला बहुतेक पैसा ओटावाहून, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारकडून येतो. इथलंही आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपतं, त्यामुळे मार्चएंडची धावपळ तुला वेगळी सांगायला नको. इथे तिला समुद्राचीही मुदत असते. जहाजं येतात ती साधारण जुलै ते ऑक्टोबर. खडी फोडायचं यंत्र, पाइप, टँकरचे सुटे भाग, सगळं जड सामान त्याच जहाजांनी येतं. मंजुरीचा कागद दोन-तीन महिने रखडला आणि जहाज चुकलं, की काम थेट पुढच्या उन्हाळ्यावर जातं. पैसा मिळूनही त्या वर्षी प्लॉट तयार होत नाहीत.

प्लॉट तयार करायचा म्हणजे मुख्यतः खडीचं काम. जमीन खोलवर कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती सुटली तर घर कलतं. म्हणून आधी खडीचा जाड थर, मग खांब, खांबांवर घर, आणि खालून वारा खेळता. २००८ च्या जूनमध्ये पॅन्गनिर्टुंग नावाच्या गावात नदीला पूर आला, गोठलेले काठ ढासळले आणि गावातले दोन्ही पूल निकामी झाले. गावाचा मोठा भाग पाण्याच्या साठ्यापासून आणि सांडपाण्याच्या जागेपासून तुटला. कुठे घर बांधू द्यायचं आणि कुठे नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला ती जमीन पायाखालची माहीत असावी लागते, ती यामुळे.

आणि मालकी कुणाची? ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २५ मे १९९३ ला इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यात जमिनीच्या हक्कांचा करार झाला. त्याच्या जोडीने १ एप्रिल १९९९ ला नुनावुत वेगळा प्रदेश झाला. करारानुसार सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइटांच्या सामूहिक मालकीची झाली. गावाची वस्तीची जमीन, आपण गावठाण म्हणू तिला, ती त्या त्या गावाच्या नगरपालिकेची. लोकांना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. ती विकता यावी का, हे लोकांनाच विचारायचं होतं. १९९५ मध्ये मतदान झालं, लोक नाही म्हणाले. ९ मे २०१६ ला पुन्हा विचारलं, आणि पंचवीसच्या पंचवीस गावांनी पुन्हा नकार दिला. बाहेरचा पैसेवाला येऊन गाव विकत घेईल, ही भीती त्यामागे होती, आणि माझ्या मते ती रास्त होती.

पण नुसत्या मतदानाने जमीन सांभाळली जात नाही. ती सांभाळतो गावच्या कचेरीतला एकच माणूस, लँड ॲडमिनिस्ट्रेटर. तलाठी, भूमापक आणि नगररचनाकार, तिघांच्या कामातलं बरंचसं तो एकटा पाहतो. एका गावात मी त्या टेबलाशी बसलो होतो. भिंतीवर प्लॉटचा नकाशा, काही प्लॉट पेन्सिलीने रंगवलेले, कोपऱ्यात खाडाखोड. एक म्हातारी पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, न काढताच आत आली. नवरा वारला होता, भाडेपट्टा त्याच्या नावावर, तो मुलीच्या नावे करायचा होता. टेबलामागची लँड ॲडमिनिस्ट्रेटर, एक तरुण मुलगी, तिच्याशी इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत बोलली, फाइल काढली, कुठे सही लागेल ते बोट ठेवून दाखवलं, आणि घरामागे ठेवलेली कमाटिक, म्हणजे त्यांची घसरगाडी, शेजाऱ्याच्या हद्दीत जाते का तेही विचारलं. दक्षिण कॅनडातून दोन वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाला हे कधी जमलं असतं?

म्हणून माझा सगळा जीव प्रशिक्षणावर आहे. इथे नुनावुत म्युनिसिपल ट्रेनिंग ऑर्गनायझेशन गावच्या कर्मचाऱ्यांना हिशेब, कारभार, जमिनीचं काम शिकवते. १९९३ च्या करारातही लिहिलंय की लोकसंख्येत इनुइट जेवढे, तेवढेच सरकारी नोकरीतही असावेत. लोकसंख्येत ते सुमारे ८५ टक्के, प्रादेशिक सरकारच्या नोकरीत मात्र वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपास. आठवड्याचा वर्ग घेऊन माणूस तयार होत नाही रे. तो परत जातो तेव्हा टेबलावर कामाचा ढीग साचलेला असतो, शंका विचारायला शेजारी कुणी जाणता नसतो. थोड्याच दिवसांत जास्त पगाराची नोकरी समोर येते आणि खुर्ची पुन्हा रिकामी. ट्रक घेण्यासाठी पैसा मंजूर होतो तसा या खुर्चीसाठी, तिच्या पगारासाठी आणि तिच्या मदतनिसासाठी दरवर्षी, न मागता मंजूर व्हायला हवा.

आणि वेळ थोडा आहे. १८ जानेवारी २०२४ ला इथेच इकालुइटमध्ये आणखी एक करार झाला. गावांबाहेरच्या सरकारी जमिनी आणि खनिजांचा कारभार १ एप्रिल २०२७ पर्यंत ओटावाकडून नुनावुतकडे यायचा आहे. ते काम करणारी माणसं इथलीच असावीत असं वाटत असेल, तर ती आज वर्गात बसलेली हवीत.

तुला एकच सुचवतो. तुझ्या ग्रामसेवकांना पहिल्या दिवशी कायद्याची कलमं देऊ नकोस. त्यांच्याच गावचा नकाशा पुढ्यात टाक आणि वाद कुठे कुठे आहेत ते त्यांच्याकडूनच काढून घे. इथे मी हे करून पाहिलंय. एरवी गप्प बसणारी माणसं नकाशावर वाकून तासभर बोलत राहतात.

वारसाची नोंद आणि गावठाणातल्या हद्दीचे वाद तुमच्याकडे नव्या माणसाला कसे शिकवतात, ते सविस्तर कळव. जमल्यास तुमच्या सरावाचे कागद स्कॅन करून पाठव. सप्टेंबरमध्ये माझा पुढचा वर्ग आहे, त्याआधी मिळाले तर वापरीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या