विमानाने वाद्ये नेणाऱ्या सभासदांसाठी सूचना

गोव्यातल्या दाबोळी किंवा मोपा विमानतळाहून परदेशी कार्यक्रमांना जाणाऱ्या सर्व सभासदांनी कृपया लक्ष द्यावे.

सतार-तानपुऱ्याच्या तारा दोन-तीन सूर उतरवा, पण पूर्ण सैल सोडू नका. व्हायोलिनवाल्यांनी हे कटाक्षाने पाळावे. तारांचा दाब गेला की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकते, आतली आधाराची काठी पडते आणि ती बसवायला कारागीरच लागतो.

तानपुरा कडक फायबरच्या पेटीतच द्या. भोपळ्याभोवती आणि गळ्याखाली मऊ कापड ठासून भरा. पेटी हलवली तरी वाद्य जागचे हलता कामा नये. ‘नाजूक’ची चिठ्ठी लावा, पण तिच्यावर विसंबू नका.

लांबच्या प्रवासात केबिनमधली आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्या खाली जाते. आपल्या दमट हवेत मुरलेले लाकूड त्यात आकसते, म्हणून मुक्कामी पोचल्यावर पेटी काही तास बंदच ठेवा.

हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असलेले जुने वाद्य कृपया नेऊच नका. कस्टममध्ये जप्त झाले तर आजोबांची ठेव परत मिळणे कठीण.

व्हायोलिन केबिनमध्ये न्यायचे असल्यास तिकीट काढतानाच विमान कंपनीची लेखी परवानगी घ्या. वाद्य ठेवायला मंडळाची पेटी हवी असल्यास कार्यवाहांना आधी कळवावे.