सिटकॉमची पंगत वेगळी का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'काय बघावं, काय टाळावं' हा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकांनी सिटकॉम (टीव्हीवरची विनोदी मालिका) म्हणजे जेवताना ताटासमोर लावून ठेवायचं काहीतरी आणि आर्ट फिल्म म्हणजे सोवळं नेसून बघायची गोष्ट, अशी सरळ वाटणीच करून टाकली आहे. मी गेली तीस-पस्तीस वर्षं दोन्ही सारख्याच हावरटपणे बघत आलोय, मला ही वेगळी पंगत काही पटली नाही.

अहो, बनवणारी माणसं तरी बघा ना. कुंदन शाह आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला माणूस, १९८३ साली एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या, तुटपुंज्या पैशात 'जाने भी दो यारो' केला आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर 'ये जो है जिंदगी', मग 'वागले की दुनिया'. सईद मिर्झांचंही तेच, एकीकडे 'अल्बर्ट पिंटो', 'मोहन जोशी हाजिर हो' आणि दुसरीकडे टीव्हीवर 'नुक्कड'. नटसुद्धा तेच! 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' मधला अरविंद देसाई म्हणजे दिलीप धवन, तोच नुक्कडवरचा गुरू. सायकलवाला हरी म्हणजे पवन मल्होत्रा, तो १९८९ मध्ये 'सलीम लंगडे पे मत रो' मध्ये सलीम नावाचा गुंड झाला. आमच्याकडे तो सिनेमा टीव्हीवर बघताना आई मधेच म्हणाली, अरे हा आपला हरी ना, चांगला होता की पोरगा, कुठल्या संगतीला लागला. मला वाटतं त्या सिनेमाचं याहून नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि हा जरा वेडगळ वाटेल. दिग्दर्शक मणि कौलचा 'उसकी रोटी' (१९७०) मी पहिल्यांदा लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये बघितला आणि अर्ध्यात गाढ झोपलो, खोटं कशाला बोलू. पंजाबातली बालो नवऱ्याची भाकरी घेऊन बस स्टॉपवर थांबलेली असते, नवरा सुच्चा सिंग बस ड्रायव्हर, तो कधी येणार, येणार की नाही, बस्स एवढंच. हात, कापड, झाड, धूळ, परत हात. तेव्हा मी मित्राला म्हटलं, ह्यात घडत काहीच नाही यार.

मग बऱ्याच वर्षांनी भाच्याने पेन ड्राइव्हवर 'साइनफेल्ड' हे अमेरिकन सिटकॉम दिलं आणि त्यात दुसऱ्या सीझनचा 'द चायनीज रेस्टॉरंट' हा एपिसोड लागला, १९९१ चा. जेरी, जॉर्ज आणि इलेन चायनीज हॉटेलात टेबल मिळायची वाट बघतात, पुढे सिनेमाला जायचंय, पोटात कावळे ओरडतायत, आणि तो दारावरचा माणूस दर वेळी म्हणतो पाच-दहा मिनिटं. सगळा एपिसोड त्याच जागेत, दुसरा सीन नाही की त्यांचा शेजारी क्रेमर नाही. जॉर्ज फोनची वाट बघतोय तर त्याचं नाव 'कार्टराइट' असं पुकारलं जातं आणि कॉल हुकतो, इलेन पन्नास डॉलरच्या पैजेवर परक्यांच्या ताटातला एगरोल खायला निघते. शेवटी कंटाळून बाहेर पडतात आणि त्याच क्षणी आत पुकारा होतो, साइनफेल्ड! चॅनेलवाले म्हणे म्हणाले होते की ह्यात गोष्टच कुठाय, आणि मालिकेचा एक कर्ता लॅरी डेव्हिड अडून बसला होता. म्हणजे मणि कौलबद्दल मी जे म्हटलं तेच की! त्या रात्री मला बालो आठवली. दुसऱ्यांदा 'उसकी रोटी' बघितला तेव्हा झोप नाही आली, कारण तोवर थांबणं बघायची सवय झाली होती, आणि ती सवय मला एका सिटकॉमने लावली.

(सिटकॉममध्ये मागे वाजतो तो हसण्याचा आवाज मात्र मला सहन होत नाही. कुठे हसायचं ते आमचं आम्हाला कळतं.)

जवळचं उदाहरण द्यायचं तर अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' मध्ये ती सरकारी वकील आहे, दिवसभर एका लोकशाहिराला आत ठेवायचा युक्तिवाद करते, मग लोकलने निघते, मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. कॅमेरा लांब उभा, म्युझिक नाही, कोणी सांगत नाही की हिच्यावर चिडा किंवा कीव करा. तीच बाई 'गुल्लक' या वेब मालिकेत शांती मिश्रा आहे, तीच ओट्यापाशी, फक्त इथे मातीचा गल्ला बोलतो आणि शेजारची बिट्टू की मम्मी दारातून डोकावत असते. मला दोन्हीकडे ती सारखीच खरी वाटते. उलट कोर्टमध्येच मी जास्त हसलो, थिएटरात बाजूचे काका वळून बघत होते.

याचा अर्थ सगळं चांगलं असा नाही हं. नवीन 'वागले की दुनिया' मध्ये सुमीत राघवन आहे, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आहेत, माणसं सोन्यासारखी, पण रोज एक भाग काढायचा म्हटल्यावर आमटीत पाणी घालावंच लागतं, आणि शेवटी प्रत्येक वेळी बोधामृत. 'साराभाई' या जुन्या सिटकॉमचा २०१७ चा वेब अवतार तर मी दोन भागांत सोडला, त्यातल्या रोसेशच्या कविता जुन्याच बऱ्या होत्या. आणि आर्ट फिल्मवाल्यांनीही खिडकीबाहेर बघणारा माणूस चार मिनिटं दाखवला की झालं असं समजू नये. बालो थांबते तेव्हा तिच्या हातात भाकरी असते हो, तुमच्या हिरोच्या हातात काय असतं?

म्हणून एक विनंती, पुरवणीत कोणी सिटकॉमवर लिहिणार असेल तर एपिसोडचं नाव घेऊन लिहू द्या, कुठला सीन जमला कुठला फसला ते, सिनेमाबद्दल लिहितात तसं. 'हलकीफुलकी मालिका' हे दोन शब्द वापरून मोकळं होऊ नका.

आणि हो, लेखाच्या चौकटीत 'नुक्कड' १९८८ चं छापलंय. ते १९८६. १९८८ ला वागळे आले. तेवढं दुरुस्त करा.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे