नग्गरहून आईचं पत्र

सोनू,

काल फोनवर तू रडलीस आणि तेवढ्यात रेंजच गेली, रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलेय. तुझ्या डोंगराच्या चित्राला सर 'नुसते निळे पट्टे' म्हणाले ना, वरचा पट्टा हवेत तरंगतोय म्हणाले, तर ऐक. काल दुपारी आम्ही इथे निकोलस रोरिक या चित्रकाराचं घर बघायला गेलो होतो आणि आत शिरल्या शिरल्या मला तूच आठवलीस.

मूळचा रशियातला हा माणूस, मध्य आशिया, तिबेट पालथा घालून १९२८ मध्ये बायको-मुलांसकट कुलूच्या खोऱ्यात आला आणि १९४७ मध्ये इथेच गेला, तोवर डोंगरच रंगवत होता. गॅलरी छोटीशीच आहे. एका चित्रासमोर मी इतका वेळ उभी होते की बाबा बाहेर जाऊन चहा पिऊन आले. त्यातही पट्टेच आहेत गं! खाली काळपट निळा, मग जांभळट, आणि वर शिखराला जेमतेम गुलाबी. टेम्पेरात, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगांत केलेलं, त्यामुळे ऑइलसारखी चकाकी नाही, रंग खडूसारखा कोरडा, तरी आतून उजेड आल्यासारखा वाटतो. त्याच्या बऱ्याच चित्रांत एक इवलासा माणूस असतो बघ, डोंगरात एकटाच ध्यानाला बसलेला, पटकन दिसतच नाही. त्याच्यासाठी हिमालय म्हणजे सीनरी नव्हतीच, ऋषींची जागा होती. आपले तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसायचे, तसंच वाटलं मला.

घराच्या खालच्या बाजूला त्याची समाधी आहे, एक मोठा दगड फक्त. तिथे बसलो. सगळं ढगात होतं, आणि मग पाचेक मिनिटं नुसतं शिखराचं टोक दिसलं, खालचा डोंगर गायब! खरंच तरंगत होतं सोनू, अगदी तुझ्या चित्रातल्यासारखं, मला भरूनच आलं.

त्याचं १९२४ चं 'रिमेंबर' नावाचं चित्र नेटवर बघ, निघालेला घोडेस्वार थांबून मागे घराकडे बघतोय, घरापाशी बायका उभ्या आणि पाठीमागे सगळे बर्फाचे डोंगर. जूनमध्ये स्टँडवर एसटी सुटताना तू खिडकीतून मान वळवून बघत होतीस ना, मला तेच दिसलं त्यात.

आम्ही शनिवारी निघतोय. चित्र पलंगाखाली टाकलंयस म्हणालीस, तिथे ओल येते, आधी ते बाहेर काढ आणि भिंतीला उभं करून ठेव, मला येऊन बघायचंय.

तुझी,
आई